६१७४ च्या मागावर: गणित आणि संगणकाचा छंद लावून घेण्याची रीत

गणिताचा छंद म्हटला की लोकांना सहसा दोनच गोष्टी आठवतात: सुडोकू, नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी. सुडोकूत प्रश्न दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला असतो आणि परीक्षेत प्रश्नाबरोबर वेळही. इथे ज्या छंदाबद्दल लिहितोय त्यात दोन्ही गोष्टी आपल्याच हातात असतात. प्रश्न आपण निवडायचा, मग तो सुटायला एक संध्याकाळ लागो की दहा वर्षं. उत्तराला बाजारात किंमत नाही, त्यामुळे घाई करा म्हणून कोणी मागे लागत नाही.

सामान अगदी थोडं लागतं: दहावीपर्यंतचं गणित (विसरलं असलं तरी चालेल, लागेल तसं आठवत जातं), एक जाड वही आणि एखादा जुनापाना संगणक. वय कोणतंही चालतं.

माझं एक ठाम मत आधीच सांगून टाकतो. या छंदात भराभर कोडी सोडवणाऱ्यांपेक्षा एकच प्रश्न धरून त्याच्या तळाशी जाणारे जास्त टिकतात. म्हणून खाली एकच प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. आधी हाताने, मग संगणकाने, मग ‘असं का?’ आणि त्यातून पुढचा प्रश्न. ही रीत एकदा अंगवळणी पडली की प्रश्न कुठलाही चालतो.

आधी हाताने

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेऊन बघू:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

इथून पुढे गाडी हलत नाही. दुसरी संख्या घेतली तरी शेवटी इथेच येऊन थांबते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ही गोष्ट मांडली, म्हणून ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. ते गणितातले व्यावसायिक संशोधक नव्हते, संख्यांशी खेळणारे शिक्षक होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि मग त्यांचं नाव जगभर पोचलं.

आता लगेच संगणक उघडू नका. निदान पाच-सहा संख्या कागदावर करा. हाताने करताना डोळ्याला जे दिसतं ते पडद्यावर पळणाऱ्या हजार ओळींत दिसत नाही. वरचीच उत्तरं पाहा: ३०८७, ८३५२, ६१७४. प्रत्येकात पहिला आणि शेवटचा अंक मिळून १० होतात, मधले दोन मिळून ८. हा योगायोग म्हणावा का? आणखी दोन-तीन संख्या करा, तेच दिसेल. मग २१११ करून पाहा. तिथे ०९९९ येतं आणि नियम मोडतो. ही मोडतोड वहीत टिपून ठेवा, तिचं कारण पुढे सापडणार आहे.

मग संगणकाला कामाला लावा

प्रश्न साधा आहे: सगळ्याच चार अंकी संख्या खरोखर ६१७४ ला पोचतात का, आणि जास्तीत जास्त किती पायऱ्यांत? हाताने हे करायला बसलात तर महिने जातील. प्रोग्रामला क्षणभरही लागत नाही.

प्रोग्राम लिहिण्याआधी तो मराठीत लिहा. खरंच लिहा, निम्मं काम तिथेच होतं. ‘संख्या घे. तिचे चार अंक सुटे कर. अंक चढत्या क्रमाने लाव, तोच क्रम उलटा करून दुसरी संख्या बनव. वजाबाकी कर. पायऱ्यांच्या मोजणीत एक मिळव. उत्तर ६१७४ असेल तर थांब, नसेल तर हेच पुन्हा.’ पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत याच्या बारा-पंधरा ओळी होतात.

बहुतेकांचा पहिला प्रोग्राम अडखळतो तो २१११ वर. २१११ मधून १११२ वजा केले की संगणक म्हणतो ९९९. आता त्याच्या हातात तीनच अंक आहेत. ९९९ मधून ९९९ गेले की शून्य, आणि शून्यातून तो कधीच बाहेर येत नाही. प्रोग्राम अडकतो आणि वाटतं की कापरेकरांचा नियमच चुकला. नियमात ती संख्या ०९९९ आहे. पुढचं शून्य धरलं की ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. म्हणजे ‘चार अंक सुटे कर’ या वाक्यापुढे ‘कमी पडले तर पुढे शून्य लाव’ हे जोडावं लागतं. कागदावर आपण ते न सांगता करतो, संगणकाला सांगावं लागतं. आपण काय गृहीत धरलं होतं ते असं उघड्यावर येतं.

पुढचं शून्य धरून ०००० ते ९९९९ मधल्या, सारख्या अंकांच्या दहा संख्या सोडून, ९९९० संख्या उरतात. सगळ्या ६१७४ ला पोचतात आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणालाच लागत नाहीत. कोणाला किती लागतात तेही मोजा. एका पायरीत पोचणाऱ्या ३८४ (यात खुद्द ६१७४ धरली आहे), तीन पायऱ्यांत २४००, आणि सातच्या सात पायऱ्या घेणाऱ्या २१८४. दोन पायऱ्यांत मात्र फक्त ५७६. हे आकडे असे खाली-वर का होतात? हा प्रश्न प्रोग्राम लिहिल्याशिवाय सुचलाच नसता.

भाषा कोणती घ्यावी यावर लोक फार वेळ घालवतात. पायथन घ्या. ती वाचायला सोपी आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्येही चालते, आणि या छंदासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिच्यात पूर्णांक कितीही मोठा झाला तरी एकही अंक गळत नाही. स्प्रेडशीटनेही सुरुवात होते, पण तिथे पंधरा अंकांच्या पुढे गाडी बिघडते: पुढच्या अंकांची मुकाट्याने शून्यं होतात आणि तुम्हाला कोणी सांगतही नाही. लहान मुलांबरोबर बसणार असाल तर ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायची स्क्रॅच ही भाषाही छान.

शिकायचं किती? नाव देऊन किंमत ठेवणं, अट घालणं, लूप फिरवणं (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं), यादी करणं आणि वारंवार लागणारं काम फंक्शनमध्ये बांधणं. बस. आधी तीन महिन्यांचा कोर्स पूर्ण करून मग छंदाकडे वळणारी माणसं बहुधा कोर्समध्येच थकतात. हातात प्रश्न असला की लूप एका संध्याकाळी समजतो.

‘असं का?’ ही खरी मेजवानी

प्रोग्रामने ‘सगळ्या पोचतात’ असं सांगितलं की अनेक जण वही मिटतात. गंमत खरं तर आता सुरू होते.

उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ असे धरा. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ, आणि लहान १०००घ + १००ग + १०ख + क. वजाबाकी केली की उरतं:

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

जरा थांबून याकडे बघा. चार अंकांपैकी उत्तरात टिकले ते फक्त दोन फरक, एक बाहेरच्या अंकांचा आणि एक आतल्या अंकांचा. बाहेरचा फरक १ ते ९ असू शकतो, आतला ० पासून बाहेरच्या फरकाइतका. अशा जोड्या होतात २ + ३ + ४ + … + १० = ५४. म्हणजे ९९९० संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येते. संगणकाने हजारो संख्या तपासल्या, पण सिद्धतेला ५४ पुरतात, आणि तेवढ्या कागदावर एका बैठकीत होतात. त्यातही काहींचे अंक तेच असतात: ३०८७ आणि ७०८३ यांचं पुढचं आयुष्य एकच.

मघाचं १० आणि ८ चं कोडंही इथेच सुटतं. बाहेरचा फरक प आणि आतला फ असेल, आणि फ शून्य नसेल, तर उत्तराचे अंक असतात प, फ−१, ९−फ आणि १०−प. पहिला आणि शेवटचा मिळून १०, मधले दोन मिळून ८. फ शून्य झाला की मात्र हातच्याचं गणित बदलतं. २१११ मध्ये आतला फरक १ − १ = ०, म्हणून तिथे नियम मोडला. आणि ६१७४ म्हणजे ९९९ × ६ + ९० × २, तर ७६४१ मध्ये बाहेरचा फरक ६, आतला २. संख्या स्वतःलाच परत जन्म देते.

बीजगणिताची धास्ती असेल तर तीन अंकांवर उतरा. तिथे फक्त ९९ × (क − ग) उरतं, म्हणजे नऊच उत्तरं: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. उरलेल्या १९८, २९७ आणि ३९६ याच साखळीला मध्येच येऊन मिळतात. ४९५ वर सगळं थांबतं. नऊ ओळींत सिद्धता पूर्ण. माझ्या मते ज्याला हा छंद लागेल की नाही हे बघायचंय त्याने या नऊ ओळी स्वतः लिहाव्यात. लिहून झाल्यावर मन खूश झालं तर पुढे वाचा, नाही झालं तर दुसरे छंद पुष्कळ आहेत.

एका प्रश्नाचे दहा करा

‘तीन अंकांवर काय होतं?’ हा प्रश्न वर सहज आला. याच सवयीवर छंद वर्षानुवर्षं चालतो. प्रश्नातला एक भाग बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे.

दोन अंक घेतले तर एका संख्येवर थांबणं नाहीच, चक्र येतं: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. पाच अंकांत एक नव्हे, तीन वेगवेगळी चक्रं आहेत. सगळ्यात लहान ५३९५५ आणि ५९९९४ यांचं, दोघं एकमेकांकडे चेंडू टाकत राहतात. बाकीची दोन चार-चार संख्यांची आहेत, ती तुम्ही शोधा. सहा अंकांत काय? दशमान सोडून द्विमान (फक्त ० आणि १) किंवा अष्टमान (० ते ७) पद्धतीत काय? वजाबाकीऐवजी बेरीज केली तर?

बेरीज करून बघायची असेल तर ही रीत: संख्या घ्या, तिच्यात तिचीच उलटी संख्या मिळवा, दोन्हीकडून सारखी वाचली जाणारी संख्या येईपर्यंत चालू ठेवा. ५७ + ७५ = १३२, १३२ + २३१ = ३६३, झालं. पण ८९ ला २४ पायऱ्या लागतात आणि शेवटी ८८१३२०००२३१८८ येते. १९६ ची कहाणी तर अजून कोणालाच पूर्ण ठाऊक नाही. कोट्यवधी अंकांपर्यंत जाऊनही तिला तशी संख्या सापडलेली नाही, आणि ती कधीच सापडणार नाही हेही दशमान पद्धतीत सिद्ध झालेलं नाही.

संगणकावर किती विश्वास ठेवावा

प्रोग्राम हजार वेळा ‘हो’ म्हणाला म्हणून हजार एकाव्या वेळी म्हणेलच असं नाही. हे पटायला तीन उदाहरणं स्वतः करून बघावीत.

वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाला रेषेने जोडा, पण तीन रेषा आत एकाच जागी छेदू देऊ नका. वर्तुळाचे भाग मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच बिंदूंना १, २, ४, ८, १६ भाग. सहा बिंदूंना ३२ म्हणण्याचा मोह होईल. मोजून बघा, ३१ येतात. (दहा बिंदूंना मात्र पुन्हा २५६ येतात, जणू चिडवायला.) दुसरं, ऑयलरचं सूत्र: न चा वर्ग अधिक न अधिक ४१. न ला ० ते ३९ किमती दिल्या तर प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते. ४० वर १६८१ येते, म्हणजे ४१ गुणिले ४१. तिसरं अधिक कठीण. जॉर्ज पोल्या यांनी १९१९ मध्ये मांडलेलं एक अनुमान (कुठल्याही संख्येपर्यंत मोजा, ज्यांच्या मूळ अवयवांची संख्या विषम आहे अशा संख्या निम्म्याहून कमी नसतात) कोट्यवधी संख्यांपर्यंत बरोबर निघतं आणि ९०६१५०२५७ वर कोसळतं.

यंत्राचीही स्वतःची खोड असते. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवताना असं होतं. म्हणून संख्यांच्या खेळात शक्य तिथे पूर्णांकच वापरावेत, आणि दोन दशांश संख्या ‘अगदी समान आहेत का’ असं विचारू नये.

पडताळणीसाठी मला एकच नियम उपयोगी वाटतो: ज्याचं उत्तर हाताने काढलेलं आहे अशा छोट्या उदाहरणावर प्रोग्राम आधी चालवा, मगच मोठ्या प्रश्नावर सोडा.

पुढचे प्रश्न, स्वभावाप्रमाणे

संख्यांची ओढ असेल तर कोलॅट्झ. संख्या सम असेल तर अर्धी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. शेवटी १ येतो असं दिसतं, पण प्रत्येक संख्येसाठी ते सिद्ध करणं अजून कोणाला जमलेलं नाही. २६ ला दहा पायऱ्या पुरतात. शेजारच्या २७ ला १११ लागतात आणि वाटेत ती ९२३२ पर्यंत चढते. दहा लाखांखालची सर्वांत लांब वाट कोणाची, हे शोधताना प्रोग्राम रेंगाळेल. मग आधी काढलेली उत्तरं यादीत साठवून पुन्हा वापरायची युक्ती सुचेल आणि काम काही पटींनी वेगात होईल. संगणकशास्त्रातल्या एका मोठ्या कल्पनेची ओळख अशी गरजेतून झालेली बरी.

कापरेकरांच्याच नावाच्या संख्याही याच वर्गातल्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. हजारापर्यंत अशा संख्या आहेत १, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३, ९९९. यादीकडे नीट पाहिलंत तर ४५ आणि ५५ मिळून १००, २९७ आणि ७०३ मिळून १००० दिसतील. का, याचा धागा हवा असेल तर संख्येला तिच्याहून एकने लहान संख्येने गुणा आणि ९९ किंवा ९९९ ने भागून बघा.

पटावरच्या खेळांत रमणाऱ्यांसाठी घोड्याची फेरी: बुद्धिबळाच्या घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जाऊन सगळा पट फिरायचा. हा खेळ आपल्याकडे फार जुना. ९ व्या शतकात रुद्रटाने अर्ध्या पटावरच्या अशा फेरीत बसणारा श्लोक रचला होता: अक्षरं ओळीने वाचा की घोड्याच्या चालीने, श्लोक तोच. प्रोग्रामने आंधळेपणाने शोधायला गेलात तर तो भरकटतो. १८२३ मध्ये वॉर्न्सडॉर्फने सुचवलेला नियम घाला, ‘जिथून पुढे जायला सर्वांत कमी वाटा उरतात त्या घरात आधी जा’, आणि फेरी सहसा पहिल्याच झटक्यात लागते. शिवाय एक शुद्ध डोक्याचा प्रश्न: पाच बाय पाचच्या पटावर फेरी संपवून घोडा एका चालीत सुरुवातीच्या घरात का परतू शकत नाही? घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो. २५ चालींनंतर तो विरुद्ध रंगावर असणार, म्हणजे निघालेल्या घरात नक्कीच नाही. इथे संगणक लागलाच नाही.

शक्यतांचे प्रश्न संगणकावर फार लवकर फळ देतात. २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता जवळपास ५०.७ टक्के आहे, हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. यादृच्छिक तारखांचे २३-२३ चे दहा हजार गट संगणकाकडून करून घ्या आणि मोजा. उत्तर साधारण अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे होईल. ती चूक दहा पटींनी कमी करायची तर प्रयोग शंभर पटींनी वाढवावे लागतात, हा हिशेब एकदा लक्षात आला की निवडणुकीच्या सर्वेक्षणांच्या बातम्याही वेगळ्या दिसायला लागतात.

चित्रं आवडत असतील तर जॉन कॉन्वे यांचा १९७० चा ‘लाइफ’. चौकटींचा कागद, दोनच नियम: जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती टिकते, आणि मृत चौकटीला बरोबर तीन असतील तर ती जिवंत होते. पाच चौकटींची ‘आर’ अक्षरासारखी एक आकृती ११०३ पिढ्या धुमाकूळ घालून मग शांत होते. जादूचे चौरस, आठ राण्यांचं कोडं (९२ उत्तरं), फरशा बसवण्याचे प्रश्न हेही याच वाटेवर आहेत.

वही

छंद टिकतो तो वहीमुळे. प्रत्येक प्रश्नासाठी चार गोष्टी लिहाव्यात: नेमका प्रश्न काय, हाताने काय दिसलं, प्रोग्रामने काय सांगितलं, आणि अजून काय कळलं नाही. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. तारीख टाकावी. फसलेल्या वाटांवर काट मारावी पण त्या खोडू नयेत, कारण दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा त्याच वाटेने जाणार असता.

वहीत आकड्यांची एखादी मालिका जमली की ती पूर्णांक मालिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात टाकून बघावी. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये, विद्यार्थी असताना, अशा मालिका जमवायला सुरुवात केली. १९९६ पासून तो संग्रह इंटरनेटवर आहे आणि आज त्यात साडेतीन लाखांहून जास्त मालिका आहेत. पाच-सहा पदं टाइप केली की मालिकेचं नाव, सूत्रं आणि इतिहास समोर येतो. फक्त तिथे जायची घाई नको. स्वतःची अटकळ आधी वहीत लिहावी आणि मग पडताळावी, नाहीतर हातातली गंमत तिथेच संपते.

अडलं की

अडणं हा या छंदाचा नित्यनियम आहे. प्रश्न लहान करा: आठ बाय आठ जमत नसेल तर चार बाय चार. टोकाची उदाहरणं घ्या: शून्य, एक, सगळे अंक सारखे. तरी हलत नसेल तर वही मिटा आणि दुसरा प्रश्न उघडा. दोन-तीन प्रश्न एकाच वेळी चालू ठेवावेत ते यासाठीच.

तयार प्रश्न हवे असतील तर २००१ पासून चालू असलेलं प्रोजेक्ट ऑयलर चांगलं आहे. त्यात नऊशेहून अधिक प्रश्न आहेत, गणित आणि प्रोग्रामिंग दोन्ही लागणारे. पहिलाच प्रश्न, हजाराखालच्या ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज, लूपने एका मिनिटात होतो. तोच सूत्राने, कागदावर, लूपशिवाय करून बघा. मात्र सुटलेल्या प्रश्नांची संख्या वाढवण्याची तिथे चटक लागते. तशी ती लागली की छंदाची परीक्षा झाली म्हणून समजा.

हल्ली चॅटबॉटला विचारलं की प्रोग्रामही मिळतो आणि उत्तरही. लूपमधला स्वल्पविराम चुकला असेल तर जरूर विचारा. ‘असं का?’ हा प्रश्न मात्र त्याच्या हाती देऊ नका, कारण तेवढ्यासाठीच तर आपण बसलो आहोत. आणि तो आत्मविश्वासाने सांगेल ती सिद्धता ओळीओळीने तपासा. चूक कुठे आहे ते शोधणं हाही एक बरा खेळ आहे.

हे कुठपर्यंत जातं

बहुतेक वेळा कुठेच नाही, आणि त्यात काही वावगं नाही. पण हौशी माणसांनी खरी भर घातल्याची उदाहरणं आहेत. कॅलिफोर्नियातल्या गृहिणी मार्जोरी राइस यांचं गणिताचं शिक्षण शाळेपुरतं होतं. १९७५ मध्ये पंचकोनी फरशांवरचा लेख वाचून त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती बनवली आणि पुढच्या दोन वर्षांत फरशांचे चार नवे प्रकार शोधले. इंग्लंडमधले निवृत्त मुद्रण तंत्रज्ञ डेव्हिड स्मिथ यांना २०२२ मध्ये एक तेरा बाजूंचा आकार सापडला. त्या एकाच आकाराच्या फरशांनी सगळं प्रतल भरतं, पण नक्षीची पुनरावृत्ती कधीच होत नाही. संगणकावर खेळताना हा आकार विचित्र वागतोय असं वाटल्यावर त्यांनी तो जाड कागदातून कापून हाताने जुळवून पाहिला. २०२४ मध्ये तर इंटरनेटवर जमलेल्या, मुख्यतः हौशी अशा एका गटाने पाच अवस्थांचं थांबणारं ट्युरिंग यंत्र (पट्टीवर खुणा लिहीत-पुसत चालणारा, कल्पनेतला साधा संगणक) जास्तीत जास्त ४७१७६८७० पायऱ्या चालतं हे संगणकाने तपासलेल्या सिद्धतेसह दाखवलं.

दोन सापळे टाळावेत. ज्या गोष्टी अशक्य आहेत हे सिद्ध झालेलं आहे, उदाहरणार्थ फक्त पट्टी आणि कंपासने कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करणं (ते अशक्य असल्याचं १८३७ मध्येच दाखवलं गेलं), त्यांच्या मागे वर्षं घालवू नयेत. त्याऐवजी ते अशक्य का आहे हे समजून घ्या, तेही पुरेसं रंजक आहे. आणि कोलॅट्झसारखा प्रसिद्ध प्रश्न ‘सोडवला’ असं वाटलं की तीच सिद्धता ‘तिप्पट अधिक एक’ऐवजी ‘तिप्पट उणे एक’ला लावून बघा. तिथे ५ वरून निघालं की १४, ७, २०, १० आणि पुन्हा ५ असं चक्र येतं. तुमची सिद्धता तिथेही सगळं १ वर जातं असं म्हणत असेल तर भोक कुठे आहे ते शोधायला लागा.

जपून ठेवणं

दहा वर्षांनी जुना प्रश्न पुन्हा उघडण्याची मजा हवी असेल तर थोडी शिस्त आजच लावा. प्रोग्राम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा, एखाद्या ॲपच्या पोटात नको. फाइलच्या सुरुवातीला तारीख, प्रश्न आणि भाषेची आवृत्ती लिहा, कारण भाषा बदलत राहतात आणि जुना प्रोग्राम एक दिवस चालेनासा होतो. छोट्या उदाहरणाचं हाताने काढलेलं उत्तरही तिथेच टिपा, म्हणजे नव्या संगणकावर तो नीट चालतोय की नाही ते लगेच कळतं. महत्त्वाची पंधरा-वीस ओळींची फाइल छापून वहीत चिकटवली तर आणखी चांगलं, आणि वहीच्या पानाचा नंबर फाइलच्या नावात घाला.